इंग्रजी लोकगीत, हार्मनी आणि कॉर्ड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडची पारंपरिक गाणी ऐकायला लागलेल्या मराठी रसिकांकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. आपला कान एका वेळी एकच सूर ऐकण्यावर तयार झालेला असतो, त्यामुळे हे प्रश्न आपल्याला लवकर पडतात आणि नेमके पडतात. इथे बोलणं फक्त इंग्लंडच्या गाण्यांबद्दल आहे. आयर्लंड, स्कॉटलंड आणि वेल्सच्या परंपरा वेगळ्या आहेत.

सरळ सांगा, पारंपरिक इंग्रजी गाण्यात हार्मनी बसते की नाही?

बसते. एकट्या गायकाचं गाणं साथीवाचून पूर्ण असतं, त्यात काही कमी आहे असं समजायचं कारण नाही. पण चार माणसं एकत्र बसली की कुणी खालचा, कुणी वरचा सूर लावायचा, हीसुद्धा तिथली जुनी आणि अस्सल रीत आहे. माझा आक्षेप तिसऱ्याच गोष्टीला आहे. आधी गिटारवर तीन-चार कॉर्डचा साचा धरायचा आणि मग चाल त्या साच्यात बसवायची, याला. तसं केलं की शब्द तेच राहतात, गाणं मात्र दुसरंच होतं.

हार्मनी आणि कॉर्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत का?

पुस्तकात त्यांची सांगड असते, गाणाऱ्याच्या गळ्यात नसते. कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजणारे तीन किंवा जास्त स्वर. पबमध्ये शेजारच्या माणसाच्या चालीखाली आपली ओळ धरणारा गवंडी किंवा शेतकरी कॉर्डचा विचार करत नाही. तो दुसरी चाल गातो, जी पहिलीबरोबर गोड लागते. दोन चाली एकत्र चालल्यामुळे हार्मनी तयार होते. गिटारवर हेच उलटं होतं: स्वरांचा गठ्ठा आधी, चाल नंतर. या पानावरच्या बहुतेक उत्तरांच्या मुळाशी हाच फरक आहे.

जुने गायक खरंच साथीशिवाय गायचे का?

बहुतांशी हो. नॉर्फक परगण्यातला शेतमजूर हॅरी कॉक्स (१८८५–१९७१), त्याच परगण्यातल्या विंटर्टनचा कोळी सॅम लार्नर (१८७८–१९६५), नॅप्टनचा सुतार वॉल्टर पार्डन (१९१४–१९९६) यांची ध्वनिमुद्रणं उपलब्ध आहेत आणि ती जवळजवळ सगळी नुसत्या गळ्याची आहेत. पार्डनकडे मेलोडियन, म्हणजे भात्याची छोटी पेटी, होतं. चाली विसरू नयेत म्हणून तो त्या त्याच्यावर वाजवून पाहायचा, पण गायला बसला की नुसता गळा.

साथ नसल्यामुळे या गायकांना एक मोकळीक मिळते, ती ऐकण्यासारखी आहे. ओळ संपली की गायक हवा तितका थांबतो. एखाद्या शब्दावर रेंगाळतो, पुढचे दोन भरभर म्हणतो. एका कडव्यात पाच मात्रांची वाटणारी ओळ पुढच्या कडव्यात सहाची होते, कारण शब्द बदललेले असतात. गोष्ट सांगणं पहिलं, ताल त्याच्या मागून. ठेक्यात वाजणारी गिटार सोबत आली की ही मोकळीक सगळ्यात आधी जाते.

मग लोकगीतं गोळा करणाऱ्या सेसिल शार्पने या गाण्यांना पियानो का जोडला?

हा प्रसंग सविस्तर सांगायला हवा. सप्टेंबर १९०३मध्ये शार्प सॉमरसेटमधल्या हॅम्ब्रिज गावी एका पाद्री मित्राकडे उतरला होता. तिथला माळी जॉन इंग्लंड बागेत काम करता करता ‘द सीड्स ऑफ लव्ह’ गात होता. शार्पने वही काढून चाल टिपून घेतली, लगोलग तिला पियानोची साथ लिहिली आणि त्याच संध्याकाळी गावच्या जेवणाच्या कार्यक्रमात एका गायिकेकडून ती गाऊन घेतली. शार्पच्या चरित्रात पुढची हकिकत येते. कुणीतरी म्हणालं की या गाण्याने आज पहिल्यांदाच मेजवानीचा पोशाख घातला. जॉन इंग्लंडला अभिमान वाटला, पण पोशाखाबद्दल तो साशंकच होता. त्याच्या गाण्याला पियानो कधी नव्हताच.

पुढच्या शंभर वर्षांतल्या वादाचं बीज त्या एका संध्याकाळी पडलं, असं मला वाटतं. १९०७च्या आपल्या पुस्तकात शार्पने स्वतःच मांडलं की लोकगायकाच्या मनात नुसती चाल असते, तिच्याखाली कॉर्ड नसतात. तरीही तो साथ लिहीत राहिला, कारण त्याला ही गाणी शाळांमध्ये आणि घराघरांतल्या दिवाणखान्यांत पोचवायची होती आणि तिथे पियानो होता. त्याच्यावर दुटप्पीपणाचा आरोप करणारे पुष्कळ भेटतात. मला तो पटत नाही. त्याच्या वह्यांत चाली साथीशिवाय, जशा ऐकल्या तशा लिहिलेल्या आहेत. साथ ही फक्त छापील आवृत्तीची गोष्ट.

म्हणजे हार्मनी ही संग्राहकांनी बाहेरून आणलेली गोष्ट?

अजिबात नाही. शार्पने ते पहिलं गाणं टिपण्याच्या पाच वर्षं आधी, १८९८मध्ये, केट ली ही गायिका ससेक्समधल्या रॉटिंगडीन गावात गेली. तिथे जेम्स कॉपर (गावात त्याला सगळे ‘ब्रासर’ म्हणत) आणि त्याचा भाऊ टॉम यांनी तिला गाणी ऐकवली. ब्रासर शेतावरचा मुकादम, टॉम पब चालवायचा. दोघे गायले ते दोन सुरांत. त्यांची गाणी फोक-साँग सोसायटीच्या नियतकालिकाच्या पहिल्याच अंकात १८९९मध्ये आली आणि दोघांना सोसायटीचं मानद सदस्यत्व मिळालं. थोडक्यात, इंग्लंडमध्ये लोकगीतांच्या संकलनाला संस्थेचं रूप आलं तेव्हा दारातच हार्मनी उभी होती.

कॉपर घराण्यात हे गाणं आजही चालू आहे. ब्रासरचे मुलगे जिम आणि जॉन, मग जिमचा मुलगा बॉब (१९१५–२००४) आणि जॉनचा मुलगा रॉन, मग त्यांच्या पुढच्या पिढ्या. घराण्यातली भाषा साधी आहे: वरच्या ओळीला ते ट्रेबल म्हणतात, खालच्या ओळीला बास. बॉब ट्रेबल, रॉन बास. जिमने १९३६मध्ये शब्द वहीत उतरवून ठेवले. सुरांसाठी अशी वही नव्हती, ते पोराने बापाशेजारी बसून कानाने उचलायचे.

त्यांचं ध्वनिमुद्रण लावा आणि फक्त खालच्या आवाजाकडे लक्ष द्या. तो चालीला चिकटून समांतर चालत नाही. कधी तिच्याशी एकरूप होऊन एकाच स्वरावर येतो, कधी पंचमाइतका खाली उतरतो, कधी वरचा आवाज हलत असताना एकाच जागी ठाण मांडून बसतो. ओळीच्या शेवटी दोघे बहुधा एकत्र येतात. खालची ओळ सुटी गायली तरी गाणं वाटावं, इतकी ती स्वतंत्र आहे.

ही दोन सुरांची रीत आली कुठून?

बराचसा भाग गावच्या चर्चमधून. साधारण १७०० ते १८५०च्या दरम्यान इंग्लंडमधल्या खेड्यापाड्यांतल्या चर्चमध्ये पश्चिमेकडच्या लाकडी सज्जात गावकऱ्यांचा वाद्यमेळ आणि गायनमेळ बसायचा. म्हणून त्या संगीताला वेस्ट गॅलरी म्हणतात. व्हायोलिन, क्लॅरिनेट, बॅसून हे खर्जातलं फुंकवाद्य, चेलो आणि त्यांच्या जोडीला तीन-चार भागांत गाणारे सुतार, लोहार, शेतकरी. त्यातले कित्येक रचनाकारही कारागीरच होते. कँटरबरीचा टॉमस क्लार्क चांभार होता. त्याची ‘क्रॅनब्रुक’ ही चाल १८०५ची. तीच पुढे यॉर्कशरच्या ‘इल्कला मूर’ या विनोदी गाण्याला लागली आणि आज यॉर्कशरचं राष्ट्रगीत असल्यासारखी गायली जाते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात पाद्र्यांना चर्चमध्ये शिस्त हवी झाली आणि हे मेळ हटवून त्यांच्या जागी ऑर्गन किंवा हार्मोनियम बसवलं गेलं. कादंबरीकार टॉमस हार्डीचे वडील आणि आजोबा अशाच एका मेळात वाजवायचे, आणि त्या मेळाचा शेवट हार्डीने १८७२च्या कादंबरीत जीव ओतून रंगवला आहे. पॅरिसमध्ये १८४२ला पेटंट झालेलं तेच हार्मोनियम पुढे आपल्या संगीत नाटकाच्या मंचावर आणि भजनाच्या बैठकीत येऊन बसलं.

चर्चमधून निघालेली ही गाणी मेली नाहीत. शेफील्डच्या वायव्येला डंगवर्थ, स्टॅनिंग्टन, वॉरल अशा गावांत अकरा नोव्हेंबरच्या जवळपासच्या रविवारपासून नाताळापर्यंत पबमध्ये कॅरल, म्हणजे नाताळची गाणी, गायली जातात. डंगवर्थच्या रॉयल हॉटेलातली बैठक सगळ्यात प्रसिद्ध. माणसं खांद्याला खांदा लावून उभी असतात, हातात बिअरचा ग्लास, समोर कागद असला तर असला. ‘व्हाइल शेपर्ड्स वॉच्ड’ या एकाच गीताच्या अनेक चाली तिथे गायल्या जातात. काही चालींत पुरुषांचा आवाज आधी निघतो, मग बायकांचा त्याच्यावर चढतो, मग सगळे एकमेकांच्या मागे धावत शेवटी एका जागी येऊन मिळतात. ते ऐकल्यावर ‘इंग्रजी लोकांना हार्मनी उपजत नव्हती’ असं म्हणायची कुणाची छाती होणार नाही.

पण चर्चमधून आलेलं ते ‘शुद्ध’ लोकसंगीत कसं?

शुद्धतेची ही मोजपट्टी लावली तर हातात काहीच उरणार नाही. शब्द छापील पत्रकांवरून आले, चाली नाट्यगृहांतून आल्या, मजूर त्याच गळ्याने रविवारी स्तोत्र आणि शनिवारी पबमध्ये प्रेमगीत गायचा. महत्त्वाचं हे की लोकांनी ते कानाने शिकून, आपल्या सोयीने बदलून, पिढ्यान्‌पिढ्या वापरलं.

शिवाय चर्चच्या मेळांच्याही आधीचा एक दाखला आहे. जेराल्ड ऑफ वेल्स या धर्मगुरूने बाराव्या शतकाच्या शेवटी लिहून ठेवलंय की वेल्समधले लोक अनेक सुरांत गातात आणि इंग्लंडच्या उत्तरेला, हंबर नदीपलीकडे, यॉर्कच्या मुलखात माणसं दोन सुरांत गातात, तेही शिकवल्याशिवाय, सवयीने. त्या गाण्याचं आणि आजच्या गाण्याचं थेट नातं जोडता येत नाही. पण दोन सुरांत गाणं इंग्लंडला परकं नव्हतं, एवढं त्यावरून नक्की कळतं.

तर मग संकलनांत हार्मनी इतकी कमी का सापडते?

संकलन कसं झालं ते पाहा. संग्राहक एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या घरी जायचा, त्याला एकट्याला बसवायचा आणि पेन्सिलने चाल लिहून घ्यायचा. एका पेन्सिलीने एका वेळी एकच आवाज टिपता येतो. पबमधला समूहाचा कोरस, घरातली बहीण-भावांची जोडी हे त्या वहीत उतरणं अवघडच होतं. शिवाय बहुतेकांना सर्वात जुनी, मोडमधली चाल हवी होती. चर्चच्या वळणाचं काही ऐकू आलं की ते ‘अलीकडचं’ म्हणून बाजूला पडायचं.

मोड म्हणजे काय? ते आपल्या थाटांसारखे असतात का?

स्वरसंच म्हणून पाहिलं तर हो, आणि आपल्याला ही सोय मोठी आहे. या गाण्यांत वारंवार भेटणारे मोड असे: आयोनियन म्हणजे बिलावलचे स्वर, मिक्सोलिडियन म्हणजे खमाजचे, डोरियन म्हणजे काफीचे, एओलियन म्हणजे आसावरीचे. रागाचं चलन, वादी-संवादी वगैरे तिथे शोधू नका. पण काफीचा कोमल गंधार, शुद्ध धैवत, कोमल निषाद ज्याच्या कानात मुरलाय त्याला डोरियन चाल ऐकताक्षणी ओळखू येते.

गिटारच्या कॉर्डने नेमकं काय बिघडतं? एखादं उदाहरण द्या.

बहुतेकांच्या कानावरून गेलेली ‘स्कारबरो फेअर’ची चाल घेऊ. तिची पहिली ओळ अशी जाते: सा सा प, प प, रे ग रे सा, यातला गंधार कोमल. दुसऱ्या ओळीत चाल वर चढते: प नि सां, नि प ध, म प. निषाद कोमल, आणि त्या ओळीचा जीव असलेला धैवत शुद्ध. काफीच.

आता एखादा नवशिका गिटारवाला येतो. गंधार कोमल आहे म्हणजे गाणं ‘मायनर’ आहे, असं तो ठरवतो आणि हाताला सवयीचे तीन कॉर्ड लावतो. त्यातला मध्यमावरचा मायनर कॉर्ड म्हणजे म, कोमल ध, सा. झालं, गायक शुद्ध धैवत गातोय आणि गिटार कोमल धैवत वाजवतेय. पंचमावरचा मेजर कॉर्ड म्हणजे प, शुद्ध नि, रे. इथे चालीतला कोमल निषाद घायाळ. गायकाला टक्कर जाणवते, पण गिटार मोठ्याने वाजत असते, म्हणून हळूहळू गायकच आपला स्वर सरकवतो. दहा वर्षांत चाल आसावरीची होते आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

उपाय आहे. मध्यमावर मेजर कॉर्ड घ्या (म, शुद्ध ध, सा) आणि पंचमाच्या मेजर कॉर्डऐवजी कोमल निषादावरचा मेजर कॉर्ड घ्या (नि, रे, म). चालीतला एकही स्वर मग दुखावत नाही. म्हणजे दोष कॉर्डचा नाही, सवयीने धरलेल्या कॉर्डचा आहे.

पण गायकाचे स्वर सरळ बारा पट्ट्यांत बसतात तरी का?

नेहमी नाही. ऑस्ट्रेलियात जन्मलेला संगीतकार पर्सी ग्रेंजर १९०६मध्ये लिंकनशरमध्ये फोनोग्राफ घेऊन गेला आणि मेणाच्या नळकांड्यांवर गायकांचे आवाज धरले. नंतर त्याने ते हळू फिरवून पुन्हा पुन्हा ऐकले. त्याच्या ध्यानात आलं की गंधार आणि निषाद स्थिर नसतात. एकाच गाण्यात ते कधी कोमलकडे, कधी शुद्धकडे झुकतात, कधी मधेच कुठेतरी राहतात. वहीत नीटनेटके मोड लिहिणाऱ्या मंडळींना हे रुचलं नाही.

त्याच्या गायकांतला सगळ्यात सुरेख म्हणजे जोसेफ टेलर. १९०८मध्ये ग्रामोफोन कंपनीने त्याचं गाणं मुद्रित केलं तेव्हा त्याने सत्तरी ओलांडली होती. आवाज हलका, स्वच्छ, मुरक्या इतक्या नाजूक की त्या वेगळ्या दाखवता येत नाहीत. ‘ब्रिग फेअर’ त्याच्याकडूनच मिळालं. ग्रेंजरने त्याच चालीवर समूहगायनाची भरगच्च हार्मनी रचली आणि संगीतकार डीलियसने १९०७मध्ये वाद्यवृंदासाठी मोठी रचना केली. तिन्ही एका बैठकीत ऐका. मला ग्रेंजरची हार्मनी मनापासून आवडते, तरी टेलरच्या त्या दोन कडव्यांत जे सापडतं ते मागच्या दोन्हींत मला सापडलेलं नाही.

आपल्याकडे हार्मोनियमच्या ठाम पट्ट्यांवरून असाच वाद झाला होता आणि १९४०पासून तीन दशकं आकाशवाणीवर त्याला बंदी होती. त्या बंदीच्या बाजूने वातावरण तयार करणाऱ्यांत दिल्ली केंद्रावरचा इंग्रज संगीतकार जॉन फोल्ड्ज होता.

तंबोऱ्यासारखा ड्रोन चालेल का?

चालेल, आणि माझ्या मते नवख्या माणसासाठी तोच सर्वात सुरक्षित. कॉन्सर्टिनावर (हातात धरायची भात्याची छोटी पेटी) किंवा श्रुतीपेटीवर षड्ज-पंचम धरून ठेवा. गंधार कोमल की शुद्ध हे ड्रोन ठरवत नाही, ते गायकाच्या हाती राहतं. एक काळजी घ्या: काही चाली शेवटी अनपेक्षित स्वरावर येऊन थांबतात. षड्ज कुठला, हे शेवट ऐकूनच ठरवा.

गिटारवर हे कुणी नीट सोडवलंय का?

इंग्रज लोकगायक आणि गिटारवादक मार्टिन कार्थीने. पन्नासच्या दशकात स्किफल या सोप्या, घरगुती वाद्यांवरच्या संगीताच्या लाटेत घरोघरी गिटार आली, ती अमेरिकी गाण्यांची सवय घेऊन. कार्थीने वर्षानुवर्षं प्रयोग करून तारांची जुळणीच बदलली: खालून वर सी, जी, सी, डी, जी, ए. खालच्या तारा ड्रोनसारख्या वाजतात आणि वरच्या तारांवर तो गात असलेली चालच वाजवतो. गंधार भरून टाकणारा कॉर्ड क्वचितच येतो. कडव्याची ओळ लांबली की गिटार थांबते. साथ गायकाच्या श्वासावर चालते.

वॉटर्सन मंडळींची हार्मनी एवढी वेगळी का वाटते?

हल शहरातल्या नॉर्मा, माइक आणि लाल या भावंडांनी, चुलत-मावस नात्यातल्या जॉन हॅरिसनसह, १९६५मध्ये वर्षभरातल्या सणांच्या गाण्यांची तबकडी काढली. वाद्य एकही नाही. त्यांच्या गाण्यात आवाज एकमेकांना ओलांडून जातात, मोकळे पंचम आणि चतुर्थ येतात, मधूनच सगळे एका स्वरावर आदळतात. चर्चच्या गायनवृंदासारखा आवाज घोळून एकसारखा केलेला नाही, प्रत्येकाचा गळा वेगळा ओळखू येतो. लंडनच्या यंग ट्रॅडिशन या तिघांच्या गटाने त्याच सुमारास कॉपर मंडळींकडून प्रेरणा घेऊन असंच काम केलं. आज फोक क्लबमध्ये जी हार्मनी ऐकू येते तिचा बराच भाग या दोन गटांचा वारसा आहे.

शँटी तर हार्मनीतच गातात ना?

आज गातात. मूळ शँटी जहाजावरच्या कामाची होती. एकजण ओळ म्हणणार, बाकीचे कोरस देत दोर ओढणार. तिथे जोर एका क्षणी लागणं महत्त्वाचं. २०२१च्या सुरुवातीला इंटरनेटवर गाजलेलं ‘वेलरमन’ न्यूझीलंडकडचं, देवमाशांच्या शिकारीच्या दिवसांचं गाणं आहे, आणि त्यावर माणसांनी एकावर एक रचलेले सूर हे आजचं काम. मला ते आनंदाचं वाटतं. फक्त ते जुनं म्हणून सांगू नये.

फोक क्लबमध्ये कुणी गात असताना मी सूर लावला तर चालेल?

कोरस असेल तर बिनधास्त लावा, त्यासाठीच तो असतो. पहिल्या कोरसला नुसती चाल गा, दुसऱ्यापासून तुमची ओळ. कडवं मात्र गायकाचं. तिथे त्याने बोलावल्याशिवाय शिरू नका, आणि लांब कथागीतात तर नकोच. पट्टी आणि लय गायकाची. तुमच्या सुरामुळे त्याचा वेग बदलू लागला तर तुम्ही थांबायचं. सतत तिसऱ्या स्वराने समांतर जाण्याची सवय लवकर लागते आणि फार गोड होते. मधून मधून एका जागी थांबून पाहा, पंचमावर उतरून पाहा, शेवटी चालीत येऊन मिळा.

शिकायला सुरुवात कुठून करू?

एक गाणं निवडा आणि महिनाभर वाद्याशिवाय गा, कडवी पाठ होईपर्यंत. त्यानंतर साथ हवी आहे का ते स्वतःला विचारा. बऱ्याचदा नको वाटते. ऐकण्यासाठी हॅरी कॉक्स, वॉल्टर पार्डन आणि जोसेफ टेलर आधी, मग कॉपर घराणं, मग वॉटर्सन, मग कार्थी. टॉपिक रेकॉर्ड्सने १९९८पासून काढलेली ‘द व्हॉइस ऑफ द पीपल’ ही मालिका जुन्या गायकांसाठी मोठा ठेवा आहे. चाली पाहायच्या असतील तर लंडनमधल्या सेसिल शार्प हाउसच्या व्हॉन विल्यम्स स्मृती ग्रंथालयाने संग्राहकांच्या मूळ वह्यांची पानं संगणकावर खुली केली आहेत. एकाच गाण्याची पाच-सहा गावांतली रूपं शेजारी शेजारी ठेवून गाऊन बघा. कुठला स्वर हलतो आणि कुठला कधीच हलत नाही ते कळलं, की त्याच्याखाली काय वाजवायचं हेही कळतं.